शहाण्णव टक्के

शाळेच्या रेडिओचा माइक हातात आला आणि पिपाणीला आभाळ ठेंगणं झालं.

पिपाणी हे नाव तिला काकाने ठेवलं, तेही अलीकडे. त्याआधी नाव ठेवण्याइतका आवाजच तिला नव्हता. हजेरीला ‘हजर’ म्हणताना तो बाकाखाली जाऊन लपायचा आणि शेजारची मुलगी तिच्या वतीने ओरडायची. मग या वर्षी रेडिओवरचं कुणीतरी आजारी पडलं, कुणीतरी हिला आत ढकललं, आणि हिने एका हरवलेल्या डब्याची सूचना इतकी रंगवून वाचली की डबा तर सापडलाच, शिवाय ज्यांचं काहीच हरवलं नव्हतं तेही खोलीबाहेर रांग लावून उभे राहिले. बाटलीचं बूच एकदा उडालं ते उडालं. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीचा कार्यक्रम तिच्याकडे आला.

आणि पहिल्याच शुक्रवारी तिने अख्ख्या शाळेसमोर जाहीर केलं की पुढच्या खेपेला आपल्या काकाच्या बँडचा पूर्ण अल्बम ऐकवणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो अल्बम तिने जन्मात ऐकलेला नव्हता. घरात त्या बँडचा एकच पुरावा होता, एक फोटो, ज्यात काकाच्या डोक्यावर केस होते.

मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. रेडिओचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी शांतपणे सांगितला. “ज्याचं गाणं, त्याच्या तोंडचा होकार. आधी तो मला ऐकवायचा, मग गाणं लावायचं. नाही जमलं तर शुक्रवार परत हवामानवाल्याला.”

हवामानवाला तिच्याच वर्गात होता. तो आजचं तापमान वाचायचा, मग उद्याचं वाचायचा, मग दोन्हींतला फरक सांगायचा. त्याच्या काळात लोक मधल्या सुट्टीत अभ्यास करत. म्हणजे पिपाणीपुढे आता सरळ हिशेब होता: अल्बम नाही तर माइक नाही. आणि माइक गेला तर आवाज परत बाकाखाली जाणार, याची तिला मनातून धास्ती होती.

शाळा सुटताच ती काकाच्या दुकानात धडकली. काकाचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि डोळे तपासायची खुर्ची, भिंतीवर कॉम्प्युटरला जोडलेला, अक्षरं दाखवणारा पडदा, आणि मागे एक खोली, जिथे भिंगं घासायचं मशीन होतं आणि जिथे काका कुणालाही पाऊल टाकू द्यायचा नाही.

अल्बमचं नाव काढताच काकाचे कान लाल झाले. तो म्हणाला, अल्बम नाही. होता, आता नाही. बरंच खोदल्यावर कळलं ते असं. बँड तिघांचा. काका ड्रमवर, आता किल्ल्या बनवतात ते किल्लीवाले गिटारवर, आणि गायला दातांच्या डॉक्टरबाई, ज्या तेव्हा डॉक्टर नव्हत्या आणि बाई तर मुळीच नव्हत्या. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते काही उगाच नाही. अल्बमच्या मोजक्या सीड्या निघाल्या, आणि कव्हरवर कुणाचं नाव आधी यावरून असं जुंपलं, असं जुंपलं, की तिघांनी आपापल्या सीड्या एकमेकांसमोर मोडल्या आणि तोंडं फिरवली.

गंमत म्हणजे तोंडं फिरवून तिघं बसले एकाच रस्त्यावर. काकाच्या समोर डॉक्टरबाईंचा दवाखाना, कोपऱ्यावर किल्लीवाल्यांची टपरी. काकाची दाढ दुखली की तो गाव ओलांडून दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा. डॉक्टरबाई जुन्याच चष्म्यातून डोळे बारीक करून दात शोधायच्या, पण समोरच्या दुकानाची पायरी चढायच्या नाहीत. एकदा काका कुलपाची किल्ली हरवून आपल्याच दुकानाच्या पायरीवर रात्रभर बसला. किल्लीवाले वीस पावलांवर राहतात, पण हाक मारील तो काका कसला. आणि किल्लीवाल्यांना दोघांचीही गरज होती: त्यांचा पुढचा दात नव्हता आणि चष्म्याची काडी तारेने बांधलेली होती.

काका जेवायला गेला तशी पिपाणी काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसली. बँडचं नाव टाकलं, आणि काय आश्चर्य, एका साइटवर तो अल्बम होता. साइटवर ‘डाउनलोड’ लिहिलेली हिरवी बटणं इतकी होती की खरं कुठलं ते कळेना. तिने सगळ्यात मोठं दाबलं. फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरली. अख्खा अल्बम एका फोटोपेक्षा लहान कसा, हे तिला खटकायला हवं होतं. उघडताना कॉम्प्युटरने ‘हा प्रोग्रॅम बसवू का’ असं विचारलं, तेही खटकायला हवं होतं. पण घाईला कधी डोळे असतात का? ती ‘हो’ म्हणाली. काहीच वाजलं नाही. तिने खांदे उडवले आणि उठली.

काका परत आला तेव्हा एक आजी डोळे तपासायला बसल्या होत्या. काकाने खाली बघत भिंग बदललं आणि पडद्यावरची वरची ओळ वाचायला सांगितली.

“अभिनंदन,” आजी वाचू लागल्या. “तुम्ही आजचे भाग्यवान विजेते आहात.”

“छान,” काका सवयीने म्हणाला. त्याचं लक्ष भिंगांच्या पेटीत होतं. “आणि त्याच्या खालची?”

“एका आठवड्यात पोट कमी करा.” आजी थांबल्या. त्यांनी स्वतःकडे पाहिलं, मग काकाकडे, मग काकाच्या पोटाकडे. “हे तुम्ही मला सांगताय, का मी तुम्हाला सांगतेय?”

काकाने वर पाहिलं तेव्हा पडद्यावर अक्षरांच्या जागी एक घाम गाळणारा माणूस नाचत होता. आजींचा नंबर मात्र अगदी बिनचूक निघाला, कारण इतक्या बारीक अक्षरांतल्या अटी-शर्तीसुद्धा त्यांनी वाचून दाखवल्या.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी ताई येऊन यंत्र घेऊन गेली आणि साफ करून घेऊन आली. काकाला तिने सगळे पासवर्ड बदलायला लावले आणि पिपाणीला एकच गोष्ट सांगितली: गाणं वाजतं. जे गाणं ‘आधी मला घरात बसवा’ म्हणतं ते गाणं नव्हे, तो पाहुणा आहे, आणि तोही न जाणारा. वर तिने हेही सांगितलं की अल्बम खरंच आहे, पण टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांना थेट फायली पाठवतात तिथे, कुणा अनोळखी चाहत्याने कधीकाळी टाकलेला.

टॉरेंटचं नाव ऐकून काका जो तापला, विचारू नका. तो म्हणाला टॉरेंट म्हणजे निव्वळ चोरबाजार, सभ्य माणसाने त्या वाटेला जाऊ नये, आपण तर त्याचं स्पेलिंगसुद्धा जाणत नाही. बराच वेळ बोलला. मग बारीक आवाजात म्हणाला, “म्हणजे आमचंसुद्धा कुणीतरी चोरण्यासारखं समजलं.” आणि त्याला लपवता येणार नाही इतका आनंद झाला.

संध्याकाळी पिपाणीने आईला गाठलं. आई वकील होती आणि त्या वेळी दोरीवरचे कपडे काढत होती. घरात तिला प्रश्न विचारायचा तर कपडे काढतानाच विचारावा, कारण तेव्हा ती फी मागत नसे. पिपाणीने विचारलं, टॉरेंट म्हणजे गुन्हा का?

आई म्हणाली की ही दोरी बघ. दोरीवरून स्वतःचे कपडे काढले तर ते घरकाम, शेजाऱ्याचे काढले तर ती चोरी, आणि दोरीला दोन्ही वेळा कुणी विचारत नाही. टॉरेंट ही दोरी. पुष्कळ लोक आपलं स्वतःचं, फुकट वाटायचं सामान त्यावरूनच पाठवतात आणि त्यात काही गैर नाही.

“पण मी तर काकाच्याच गाण्यांबद्दल बोलतेय. घरचीच आहेत.”

“एक तृतीयांश घरची,” आई म्हणाली आणि एक मोजा शोधू लागली. “आणि टॉरेंटमध्ये एक मेख आहे, बाळा. एकाच माणसाकडून अख्खी फाइल येत नाही. तुकडे तुकडे करून दहा जणांकडून येते, आणि तुझ्याकडे आलेला तुकडा त्याच क्षणी तुझ्याकडून पुढच्याला जातो. घेणारा तिथे आपोआप वाटणारा होतो. नुसतं ऐकलं, असं म्हणून सुटता येत नाही. तिघांचं गाणं तू जगाला वाटणार, तर तिघांनी हो म्हटलं पाहिजे.”

म्हणजे मोठ्या बाई आणि आई, दोघींची गाडी एकाच स्टेशनावर थांबली. तिघांचा होकार, तोही तोंडचा.

दुसऱ्या दिवशी फोनचा रेकॉर्डर चालू करून पिपाणी निघाली. काका लगेच हो म्हणायला तयार होता, फक्त एक अट: त्याचा होकार आधी वाजला पाहिजे. समोर डॉक्टरबाईंचे दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते. पिपाणीने सगळी हकीकत सांगितली आणि पेशंट आ वासून, अक्षरशः आ वासून, ऐकत राहिला. बाई म्हणाल्या, हरकत नाही, पण त्या दोघांनी दिला का? कुणी आधी दिला? त्यांच्या आधी आपला हवा. पेशंटने ‘आँ’ म्हणून अनुमोदन दिलं. कोपऱ्यावर किल्लीवाले एका कुलपाच्या पोटात सळई घालून बसले होते. ते दात नसलेल्या फटीतून हसले आणि म्हणाले की मी साधा माणूस, मला कशाचा हट्ट नाही, फक्त माझा होकार पहिला.

दुसरं कुणी असतं तर तिथेच कपाळावर हात मारून बसलं असतं. पिपाणीचं डोकं मात्र त्या आठवड्यात जमिनीपासून चार बोटं वर चालत होतं. तिने तिघांनाही वेगवेगळं गाठून एकच शब्द दिला: “तुमच्या आधी कुणाचाही होकार वाजणार नाही.” तिघं खूश झाले. तिघांनी घसा खाकरून हो म्हटलं. घरी येऊन तिने तिन्ही होकार एकावर एक बसवले, असे की तिन्ही एकाच क्षणी सुरू व्हावेत. ऐकायला ते एखाद्या अवाढव्य प्राण्याने जांभई द्यावी तसं वाटत होतं, पण कुणाच्याही आधी कुणीही नव्हतं.

आईने ते तीनदा ऐकलं. पिपाणीला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. आई म्हणाली, “हे माझ्याकडून उचललंस का? उचललं असशील तर मला अभिमान आहे, आणि थोडी भीतीही.”

मोठ्या बाईंनीही कान देऊन ऐकलं, हा कोण बोलतोय असं विचारलं, तिघं एकदम बोलतायत असं कळल्यावर भुवया उंचावल्या, आणि मान डोलावली.

मग पिपाणीने घरच्या कॉम्प्युटरवर टॉरेंट लावला, या वेळी डोळे उघडे ठेवून. ताईने सांगितलेला प्रोग्रॅम, फायली सगळ्या गाण्यांच्या, एकही ‘मला बसवा’ म्हणणारी नाही. तुकडे सुरेख येऊ लागले. पट्टी भरत भरत शहाण्णव टक्क्यांवर आली आणि घट्ट बसली. बुधवारी रात्री शहाण्णव. गुरुवारी सकाळी शहाण्णव. शाळेतून आल्यावरही शहाण्णव. सगळी गाणी आली होती, फक्त शेवटचं अर्ध्यावर तुटत होतं. तिने इंटरनेटवर याबद्दल वाचून काढलं तेव्हा कळलं की पूर्ण फाइल असलेला मूळ चाहता कधीच निघून गेला असणार. उरलेले सगळे तिच्यासारखेच; ज्याच्याकडे जे होतं ते वाटून झालं होतं, आणि जे कुणाकडेच नव्हतं त्याची सगळे मिळून वाट बघत होते. सगळे म्हणजे किती, तर तिच्याशी जोडलेले तीन. जगात कुठेतरी तीन वेडे लोक हा अल्बम लावून दिवसरात्र बसले होते. कोण असतील? पिपाणीला त्यांचा भारी पुळका आला. तिने मनातल्या मनात त्यांना बर्फाळ देशांत वगैरे नेऊन ठेवलं.

ती अशी पडद्याकडे बघत बसली असताना फोन वाजला. काका होता. रस्त्यावरची वीज गेलीय, गिऱ्हाईकाचा चष्मा अर्धवट राहिलाय, टॉर्च घेऊन ये. पिपाणी हो म्हणाली, आणि तिची नजर पडद्यावर गेली.

जोडलेले: शून्य.

तिने डोळे चोळले. तीनही गेले होते. एकदम. काकाच्या रस्त्याच्या विजेबरोबर.

तिला आधी हसू आलं, मग राग आला, मग परत हसू. चोरबाजार म्हणे. स्पेलिंगसुद्धा जाणत नाही म्हणे. मागच्या खोलीत पाऊल टाकू देत नाही, ते भिंगांच्या मशीनसाठी होय? चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही मालकाच्या! टॉर्च घेऊन ती जी सुटली ती थेट त्या रस्त्यावर.

वीज गेली की माणसं बाहेर येतात. काका दुकानाच्या पायरीवर उभा होता, डॉक्टरबाई दवाखान्याच्या दारात, किल्लीवाले टपरीपुढे, आणि तिघं मोठ्या कसोशीने तीन वेगळ्या दिशांना बघत होते. पिपाणी बरोबर रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती, पण आवाज कसा खणखणीत निघाला.

“तुम्ही तिघंही शहाण्णव टक्क्यांवर अडकलाय.”

काका टॉर्चच्या उजेडात असा दिसत होता जसा बिस्किटांच्या डब्यात हात घातलेला मुलगा दिसतो. किल्लीवाले जुडग्यातल्या किल्ल्या मोजू लागले. शेवटी डॉक्टरबाईंनी चष्मा सरकवला, डोळे बारीक केले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकाकडे पाहून विचारलं, “तुझंही शहाण्णवच?”

“चार वर्षांपासून,” काका म्हणाला.

“मला वाटायचं, समोरचा कोणी परदेशी आहे,” किल्लीवाले पुटपुटले. “मी त्याच्यासाठी रात्रीही बंद करायचो नाही. म्हटलं, बिचाऱ्याला आपला तुकडा मिळू दे.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही एकदम हसायला लागले, आधी नाकातून, मग पोटातून. रस्त्यावरचे बाकीचे लोक वीज आली की काय म्हणून बघायला लागले. पिपाणी मात्र हसली नाही. तिला उद्याचा शुक्रवार दिसत होता, आणि अख्ख्या शाळेसमोर मधेच तुटणारं गाणं, आणि त्यानंतरची ती शांतता, जिच्यात हवामानवाला घसा साफ करील. तिने त्यांना तसं सांगितलं. पूर्ण अल्बम म्हणाले होते मी, ती म्हणाली, शहाण्णव टक्के नव्हे.

काका म्हणाला की त्यात काय, शेवट आपण येऊन वाजवू. बाकीच्या दोघांनी मान हलवली. किल्लीवाल्यांनी तर गिटारला तारा आहेत की नाहीत ते बघायला टपरी तशीच उघडी टाकली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत रेडिओच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खोली मुळात कपाटाएवढी, त्यात गिटार, त्यात काका, त्यात काकाने ड्रम म्हणून उलटी ठेवलेली कचऱ्याची बादली. डॉक्टरबाई पेशंटला तोंड उघडंच ठेवायला सांगून आल्या होत्या की काय, कोण जाणे. पिपाणीने माइक हातात घेतला, बँडची ओळख करून दिली, आणि ती करताना तिघांची नावं अशी गर्रकन फिरवली की आधी कोण ते त्यांना कळलंच नाही. मग अल्बम सुरू झाला. पहिल्या गाण्यालाच मैदान थांबलं. दुसऱ्याला खिडक्यांत डोकी आली. तिसऱ्याला हवामानवाला बाकावर चढून नाचत होता, असं नंतर साक्षीदारांनी सांगितलं.

शेवटचं गाणं लागलं. ठरल्या जागी फाइल तुटली, अर्ध्या शब्दावर, आणि त्याच श्वासात डॉक्टरबाईंनी उरलेला अर्धा शब्द उचलला. किल्लीवाल्यांची बोटं तारांवर पडली, काका बादलीवर कोसळला. जोड कुठे आहे ते कळूसुद्धा नये. पिपाणीच्या अंगावर काटा आला. ती काचेतून बाहेर बघत होती, अख्खी शाळा आत बघत होती.

एक कडवं झालं. दुसरं झालं. मग पहिलं परत आलं. पिपाणीने वळून पाहिलं तर डॉक्टरबाई गाता गाता काकाकडे बघत होत्या, काका वाजवता वाजवता किल्लीवाल्यांकडे, आणि किल्लीवाले डॉक्टरबाईंकडे. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न होता. हे गाणं संपायचं कसं, ते तिघांपैकी एकालाही आठवत नव्हतं. आणि आधी थांबायला कुणीच तयार नव्हतं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. गाण्याने ती गिळून टाकली. तिसऱ्यांदा पहिलं कडवं आलं, आणि आता मैदानावरच्या पोरांनाही ते पाठ झालं होतं, ती भिंत हलेल अशी गात होती. दार उघडलं आणि मोठ्या बाई आत आल्या, म्हणजे जितक्या मावल्या तितक्या. त्यांनी पिपाणीच्या कानाशी वाकून विचारलं, “हे कधी संपणार?”

“माहीत नाही, बाई,” पिपाणी म्हणाली. “तेवढंच डाउनलोड झालेलं नाही.”